रकाना सातवा

वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज, पान तीन.
सहा रकाने भरून झाले.
नाव एलिशिबा रणभिसे, मूळ गाव मिरज,
अनुभव एकवीस वर्षे, त्यातली तेरा सोहारात.
झालेले कोर्स: जीवरक्षण, दर दोन वर्षांनी,
तीच रबरी बाई, तीच तिची छाती,
कधी वाचत नाही, कधी मरतही नाही.
सातवा रकाना विचारतो,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?

पहाटेचे चार. खिडकीत बंदराचे दिवे.
डायलिसिसची तेरा यंत्रं धुऊन झाली,
चौदाव्याला अम्मी खल्फान जोडलेले.
इथे अम्मी म्हणजे काका.
पहिल्या आठवड्यात मी विचारत फिरायचे,
अम्मी कुठे बसल्यात?
आणि अख्खा वॉर्ड हसायचा, सुया टोचलेले हात सांभाळत.

त्याआधी परीक्षा. संगणकासमोर एकटी,
पोटॅशियम वाढलं तर आधी काय कराल,
चारांतला एक पर्याय निवडा.
तीन गुणांनी गेले.
दुसऱ्या फीसाठी दादाने मोटरसायकल विकली,
अजून नाताळात बोलून दाखवतो.

मला येतं ते एवढंच:
फिस्टुलावर बोट ठेवलं की आतली थरथर कळते,
मांडीवर मांजर घुरघुरावं तशी.
कुठे टोचायचं ते बोट सांगतं.
याला अर्जात रकाना नाही.

हेच मी रय्याला शिकवलं. रय्या अल्-बलुशी,
कॉलेजातून आली तेव्हा हात कापायचा तिचा.
तिचं बोट माझ्या बोटाखाली धरून म्हटलं,
बघू नकोस. ऐक.
आता एका टोचणीत जमतं तिला.
फेब्रुवारीत चार्जचं पत्र आलं, तिच्या नावाचं.
बरोबरच आहे. तिचा देश, तिची माणसं.
मिरजेत कुणी बाहेरची तेरा वर्षं चार्ज धरून बसली असती
तर पहिलं तोंड मीच उघडलं असतं.
हे सगळं कळतं.
तरी कपाटाची किल्ली तिच्या हातात देताना
रिंगमधून निघता निघेना.

या अर्जाच्या तळाशी
मूल्यमापन करणारीची सही: रय्या.

काय लिहितेस, अम्मींनी विचारलं.
सांगितलं.
ते हसले, यंत्राची नळी हलली.
पाच वर्षं? मला कुणी शनिवारच्या पुढचं विचारत नाही, पोरी.
मग बराच वेळ छताकडे बघत राहिले.
पाय दुखतोय म्हणाले. मी उशी सरकवली.

लिहिलं: इथेच.
खोडलं.
लिहिलं: मस्कत, शिरांचाच कोर्स, सोळा महिने.
वय सेहेचाळीस. मुलगा फोनवर म्हणेल, आता?
फीचा आकडा मी दोनदा रुपयांत करून पाहिला
आणि दोनदा पुसला.
तरी ती ओळ खोडली नाही.

पाचला रय्या येईल,
खजूर घेऊन, ओढणीला पहाटेचा दमटपणा.
मी पेनाला टोपण लावायला गेले
आणि थांबले.
वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालायचं नसतं,
पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे शिकवतात.
पेन सुई नव्हे, ठाऊक आहे.
तरी उघडंच ठेवलं, अर्जावर,
आणि चौदावं यंत्र वाजलं म्हणून उठले.