अकरा दिवस वर

बिलाच्या पाठीवर भेरूलालनं बॉलपेननं लिहिलं होतं
‘छे महीना’. खाली सही, शेजारी पानाचा डाग.
मी ते जपून ठेवलं, विम्याच्या फायलीत.
सांधा सुटला अकरा दिवस वर झाल्यावर,
नर्मदेचं पाणी यायच्या दिवशी, पहाटे साडेपाचला.

सियागंजात त्याचं दुकान. गेलो.
त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा,
बोटांवर महिने मोजले.
‘बाबूजी, तारीख तो देखो.’
आवाजात उद्धटपणा नव्हता. तेच जास्त लागलं.

मी ग्राहक मंच काढला, नोटिशीची भाषा काढली,
मराठीत चिडलो, हिंदीत अडखळलो.
तो नुसता तोट्या पुसत राहिला.

एकतीस वर्षं मी हेच म्हणत आलो, खिडकीतून:
तारीख बघा.
देपालपूरची एक बाई होती,
नवऱ्याचा हप्ता मुदतीच्या वर नऊ दिवस,
हातातला कागद घामानं असाच मऊ.
शिक्का मीच मारला.

आता बेसिनखाली पातेलं आहे.
भरतं, ओततो, भरतं.
रात्री दोनला थेंब वाजतो
आणि मी अंथरुणात उठून बसतो,
‘कोण आहे?’ विचारतो.