बारा मिलिमीटर

पाय गेला तेव्हा सगळे पायाचंच बोलले.
कंबरेचं कुणी बोललं नाही.

चोडणच्या धक्क्यावर फेरीची फळी उतरत होती,
मी दोरखंड गुंडाळत होतो. भरती होती, एवढंच आठवतं.
मग गोमेकॉचं छत, आणि डाव्या गुडघ्याखाली
चादर एकदम सपाट.
सुलक्षा पायथ्याशी उभी राहून
ती सपाट जागा हाताने अजून सपाट करायची.

नवा पाय आला खोक्यातून,
माझ्यापेक्षा तीन पावसाळे गोरा.
"बरं झालं, चाललास," वाड्यावरचे म्हणाले.
चाललो. चवथीला माटोळीही बांधली,
शिडीवरून नाही, स्टुलावरून. पण बांधली.

पाठ नंतर आली.
पट्ट्याच्या जरा वर, कुणी मुसळ टेकवून
तिथेच विसरून गेल्यासारखी.
रात्री कूस बदलायची तर आधी मनात बदलायची,
मग हात, मग खांदा, सगळ्यात शेवटी कंबर,
तीही गंजलेल्या कडीसारखी.
नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते
याचं लोकांना केवढं नवल!
असलेल्या पाठीचं कुणालाच नाही.
"वय झालं. गार पाणी पिऊ नकोस."
मी बेचाळीसचा.

म्हापशाला शुक्रवारी पँट शिवायला टाकली.
आग्नेल शिंपी, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या.
कुठला पाय, कसा, कधी, काही विचारलं नाही.
गुडघ्यावर बसला, दोन्ही बाजूंनी टेप लावली.
पुन्हा लावली.
टाचण्या तळहातावर काढून म्हणाला,
"तुजें पेंकट एके वटेन देंवलां रे."
डावीकडे बारा मिलिमीटर कमी.
टेपवर नखाएवढे.

मला कळायला हवं होतं.
वीस वर्षं मीच तर गाड्या लावल्या फेरीवर:
रेतीचा टेम्पो मधोमध, स्कूटरी दोन्ही कडांना,
मासळीच्या पाट्या पुढे, फळीपाशी.
टेम्पो हातभर कडेला गेला
की वरून सारंगाची शिवी.
कललेली फेरी बुडत नाही. चालते. पोचतेसुद्धा.
फक्त सुकाणूवरचा हात
सबंध नदीभर उलटा दाबत राहतो.

माझ्या पाठीत तसा कुणीतरी
तीन वर्षं सुकाणू दाबून उभा आहे,
आणि त्याची पाळी संपतच नाही.

बांबोळीला केंकरे बाईंनी
नव्या टाचेखाली पट्ट्या सरकवल्या:
तीन. सहा. नऊ.
बारा नको म्हणाल्या,
पाठ वाकडेपणाला सरावली आहे,
एकदम सरळ केली तर रुसेल.
आणि रोज वीस मिनिटं पोटावर झोपा,
मांडीचा पुढचा स्नायू आखडलाय,
तोच कंबरेला पुढे ओढतोय.
मी म्हटलं, बाई, आमच्यात पोटावर
फक्त मार खाणारी पोरं झोपतात.
हसल्या नाहीत. वहीत लिहिलं: वीस मिनिटं.

म्हणून दुपारी जमिनीवर पालथा.
गाल फरशीला. आंब्याच्या सावलीत कोंबडी,
लांबून रायबंदरच्या फेरीचा भोंगा,
आणि कंबरेत काहीतरी
चिकटलेलं पान सुटावं तसं, सावकाश.
कधी सुटतं. कधी नुसतं दुखतं.

पाय नऊ मिलिमीटर उंच झाला
तेव्हा डावी पँट वर चढली, घोटा दिसू लागला,
तो गोरा, कुणाचाच नसलेला घोटा.
सुलक्षाने दुमड उसवली.
आत बोटभर कापड जादा होतं.
आग्नेलने सांगितलं नव्हतं,
पैसेही लावले नव्हते.

बाहेरचा रंग उन्हाने विटलेला,
आतला गडद.
ती पँट मी अजून घालतो.
जिथे वाढलो, तिथे रेघ दिसते.