पिऊन बघ

पुस्तक इंग्रजीत. मीही इंग्रजीतच वाढलेली,
ताराबाई पार्कातल्या शाळेत,
जिथं मराठी शब्द तोंडातून निसटला की रुपया दंड.

सातवा धडा. जपानीत क्रियापद सगळ्यात शेवटी येतं,
वाचकाला हे उलटं वाटेल, असं लेखक म्हणतो.
वाटलं.
मग 'मिरु', म्हणजे बघणं.
दुसऱ्या क्रियापदामागं लागलं
की त्याचा डोळ्यांशी संबंध सुटतो.
यावर चार पानं, एक तक्ता, बारीक टायपात तळटिपा.
तिसऱ्यांदा वाचतेय, शिरत नाही.

संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या.
सर्जेराव पाडळकरांनी धार काढून
ग्लास थेट नाकासमोर धरला.
नको, म्हटलं, कच्चं दूध मला बाधतं.
"आगं, आधी पिऊन तर बघ की!"

पिऊन.
बघ.
डोळ्यांनी कोण पितं?
नोन्दे मिते, मी पुटपुटले,
आणि सर्जेरावांना वाटलं, पोरीला ठसका लागला.
शिवाय तो शेपटीचा 'की'.
तसलाच एक 'यो' आहे पुस्तकात,
'भाषांतर होत नाही' एवढ्यावर सोडून दिलेला.

फेसाची मिशी तशीच.
म्हैस माझ्याकडं बघत होती,
नुसतंच,
मूळ अर्थानं.

दंडाचे ते रुपये कुणी परत करेल का,
हा विचार रंकाळ्यापर्यंत पुरला असता,
पण आधी ग्लास परत द्यायचा होता.
दिला, म्हटलं, "येते हं."
जात होते खरं तर.
यावरही एखादा धडा असणार पुढं.