पहिला रकाना

होफुफच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून
मी माणसांचं रक्त पळवते.
जेलच्या पट्टीवर ओळीनं थेंब ठेवायचे,
वीज सोडायची, चहाला जायचं.
परत येईतो निकाल लागलेला असतो:
ए पुढे गेलेला, एस मागे रेंगाळलेला.

मागे का, तर त्याच्यापाशी एक ऋणभार कमी.
(ऋण फिटलं की माणूस हलका होतो म्हणतात.
इथे उलटं.)
एवढी लांब माळ, तिच्यात सहावा मणी बदललेला,
ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन,
आणि मुळाशी फक्त एक अक्षर.
शाळेतल्या फळ्यावर लिहून दाखवायचं तर
'सुत' लिहिताना उकार लांबला
आणि मुलाच्या जागी दोरा उरला.
अगदी तसंच होतं. प्राणवायू उतरवून ठेवला की
हे रेणू एकमेकांना चिकटतात,
गोल पेशीच्या पोटात सूत कातलं जातं,
पेशी वाकते.
विळा होते.

विळा मला ठाऊक होता, धानाच्या बांधीतला.
इथेही खजुरावर चढणाऱ्यांच्या कमरेला असतो, दातेरी.
पण दिवाकरच्या शिरांत तो होता
हे कळायला आम्हाला अकरा वर्षं लागली.
आरमोरीच्या थंडीत तो गुडघे पोटाशी घेऊन कण्हायचा,
माय टोरीचं तेल चोळायची,
"काऊन रे बापा, कोनाची नजर लागली?"
नजर नव्हती, माय.
अरुंद शिरेत अडकलेला विळ्यांचा भारा होता.

तो गेल्यावर गावात तपासणीचं शिबिर आलं.
माझ्या हाती पिवळं कार्ड: वाहक.
पोस्टमनसारखा शब्द.
पत्र नेते, उघडत नाही.

आज बतूल आणि जवाद आले, लग्नाआधीच्या तपासणीचे.
हॉल ठरलेला, सोनं घेऊन झालेलं.
दोघंही ए-एस.
डॉक्टर हनादींनी टेबलावर चार खजूर मांडले:
हा निरोगी, हे दोन तुमच्यासारखे, हा आजारी.
"म्हणजे चौथं मूल?" बतूलनं विचारलं.
"नाही. प्रत्येक वेळी नव्यानं चार."
जवादनं नकळत एक उचलून तोंडात टाकला.
कुणी हसलं नाही.
बतूल बघत राहिली, कोणता उचलला ते.

लग्नाला कायदा आडवा येत नाही, फक्त सही मागतो.

हनादी मला एकदा म्हणाल्या होत्या,
तुमच्या जंगलातली ही चूक आणि आमच्या मरूद्यानातली
एकाच हस्ताक्षरातली आहे;
तिच्या अवतीभवतीची अक्षरंसुद्धा जुळतात.
मधे एवढा समुद्र.
कुठल्या गलबतातून कोण आलं, कोण गेलं,
नवरी, नावाडी की विकलेला कुणी,
रक्त तेवढं सांगत नाही.
एवढंच सांगतं की इथल्या झऱ्यांवर डास होते,
आमच्या नाल्यांवरही,
आणि एकटी असली की ही चूक हिवतापात राखण करते.
जोडीनं आली की मारते.

दुपारी बतूल एकटीच खाली आली.
"मला बघायचंय."
मी पट्टी उजेडावर धरली.
हा दुसरा रकाना तुझा, तिसरा त्याचा.
दोन-दोन रेषा, जशा काही आखून दिलेल्या.
"पहिला?"
"कंट्रोल," म्हटलं. ज्याच्याशी बाकीचे ताडून बघायचे तो.
मग तिच्याकडे बघवेना म्हणून खरं सांगितलं,
"माझा. रोज माझाच असतो."
तिनं काचेवरून बोट सरकवलं,
तिच्या रेषेवरून माझ्या रेषेवर,
सरळ, कुठेही न अडखळता.
मग उलट दिशेनं, जवादला ओलांडून, पुढे.

"आणि हा चौथा?"

तो रिकामा होता.
म्हटलं, तो नमुना अजून आलेला नाही.