गाठ

अप्पा बसतो चिंचेखाली,
रोपवेच्या पत्र्याच्या छपरासमोर.
गुडघे उभे, पावलं एकमेकांवर,
आणि खांद्यावरचा पंचा
पाठीमागून घेऊन गुडघ्यांवर आवळलेला.
मी काचेआडून बघते
आणि विचारत राहते दिवसभर,
नुसतं जायचं, की जाऊन-येऊन?

शोळिंगूरच्या डोंगरावर
नरसिंह असाच बसलाय.
खांब फोडून आला, पोट फाडलं,
तरी राग उरलाच,
म्हणून इथे येऊन स्वतःचे गुडघे बांधून घेतले त्यानं.
अकरा महिने डोळे मिटलेले.
कार्तिगैत उघडतो म्हणतात.
समोरच्या लहान टेकडीवर मारुती,
तोही मांडी घालून, हातात शंख-चक्र,
नजर इकडेच.
उड्या मारायच्या सोडून बसलाय बापडा
किती युगं झाली.

पायऱ्या तेराशेच्या वर.
अप्पा आकडा सांगणार नाही.
तो सांगेल :
जिथे म्हातारी माणसं देवाचं नाव घ्यायची थांबतात
आणि माझं विचारतात, ते वळण;
जिथे माकडं कमी, वारा जास्त, ते;
जिथे एळुमलैचा पाय सरकला
आणि डोलीतल्या शेटनं
आधी पाकीट चाचपलं, ते.

एकतीस वर्षं वाहिली त्यानं माणसं.
उजव्या खांद्यावर घट्टा आहे.
लहानपणी मी त्यावर गाल टेकून झोपायचे,
उशीपेक्षा टणक, पण ऊब असलेला.
आणि एकतीस वर्षांत
देव पाहिला नाही.
डोली बाहेर टाकून आत कोण जाणार?
उतरायचं गिऱ्हाईक तयारच असतं दारात.

मग तारा आल्या.
आधी खांब, मग तारा, मग पाळणे,
मग खिडकी, आणि खिडकीत मी.
नोकरी लागली त्या दिवशी
अम्मानं काजू घालून शिरा केला.
अप्पानं एक घास खाल्ला,
बाहेर जाऊन पंचा आवळून बसला.
ओरडला असता तर
मला जरा बरं वाटलं असतं.

या कार्तिगैतला तिसरा रविवार.
मी म्हटलं, घरच्यांना पाळणा फुकट आहे.
तो म्हणाला, मी काय म्हातारा झालो का,
आणि निघाला पायी.
पहिल्या मंडपापासूनच परत.
खांदा रिकामा असला की
तोल जातो म्हणाला, डावीकडे.
मग पूवायीच्या दुकानातलं
नारळांचं पोतं घेतलं उजव्या खांद्यावर,
वरच्या दुकानात टाकतो म्हणाला,
पैसे नको,
आणि चढला.

डोक्यावरून पाळणे जात होते, येत होते.
मी सुटे पैसे देताना दोनदा चुकले.

अंधार पडताना उतरला.
कपाळावर नाम, थोडं वाकडं.
मी विचारलं, उघडे होते का डोळे?
अख्खा जिल्हा त्यासाठीच तर लोटला होता.
म्हणाला, बघितलं नाही.
मग काय बघितलं?
गुडघे.
तो पट्टा.
पुढे ढकललं मला त्यांनी, तरी मान वळवून
कडेकडेनं बघत गेलो.
गाठ कुठे मारलीय
ते काही सापडलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर
ओट्यावर पुन्हा तसाच बसला.
पंचा पाठीमागून घेतला, गुडघ्यांवर आणला,
दोन्ही टोकं धरली दोन हातांत.
आतून अम्मा ओरडली, दार ओढा, डास येतात.
त्यानं अजून
बांधलं नव्हतं.