वहीत काही नाही

आजही वहीत काही नाही.
जून गेला, जुलै गेला, पानं कोरी.
शेजारचा शार्विल 'ज्ञ'पर्यंत पोचला.
त्याची आई वही दाखवते गॅलरीतून,
नमुन्याच्या कांद्यासारखी, चांगलं तेवढं वर.

मी तोलणार. तुर्भ्याला, कांदा-बटाट्यात.
रात्री अडीचला निघतो, दुपारी कोपरखैरण्यात परत.
बायको रबाळ्याला पॅकिंगमध्ये, आठशिवाय येत नाही.
म्हणून बकुळला बालवाडीतून आणायचं माझ्याकडे,
आणि पालकसभाही माझ्याकडेच.

बसलो बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी.
म्हटलं, टीचर, फी भरतोय. वजन कुठंय?

बागवे टीचर हसल्या नाहीत.
दोन वाट्या ठेवल्या माझ्यापुढे, एक चिमटा.
म्हणाल्या, वाटाणे यातून त्यात टाका, न सांडता.
बारा वर्षं आकडीनं गोण्या ओढलेली बोटं
तिसऱ्या वाटाण्याला लटपटली.
चौथा कपाटाखाली गेला. बकुळ त्याच्यामागे गेली.

"पेन्सिल येईल," टीचर म्हणाल्या, "आधी बोटं येऊ देत.
घरी लिहायला बसवू नका. जे काम चाललंय त्यात घ्या.
आणि बोला तिच्याशी."
काय बोलायचं, ते नाही सांगितलं.

आम्ही बाजारातली माणसं. बोलतो म्हणजे आकडा बोलतो,
एकदाच, मोठ्यानं. मग पुढची गोणी.

निघताना बकुळनं तिचा कप्पा दाखवला.
एकवीस कप्पे, एकवीस पाट्या, चपला खाली.
तुझा कसा ओळखतेस गं?
"शेवटी दोन पारडी आहेत ना, तो माझा."
मी वाकून पाहिलं. ळ.
इतकी वर्षं तिला हाक मारतोय,
पारडी दिसली नव्हती.

मग दुपारी आम्ही लसूण सोलायला लागलो.
मोज्यांच्या जोड्या लावल्या. एक मोजा उरतोच,
तो कुणाचा, यावर अर्धा तास.
पालथ्या क्रेटवर उभी राहून ती डाळ धुते,
निम्मी डाळ मोरीत. मी मोजत नाही. मोजतो, पण बोलत नाही.

"बाबा, बटाट्यात आधी काय ऐकू येतं?"
"भाव," मी म्हणालो.
"नाही. ब. माझा ब."

एकदा मात्र चुकलो.
शार्विलला स्टार मिळाला त्या दिवशी
हिचा हात धरून अख्खं पान गिरवून घेतलं.
कागद फाटला. ती रडली नाही.
दुसऱ्या दिवशी पेन्सिल दिसली की
हात पाठीमागे न्यायची.
पंधरा दिवस लागले तो हात पुढे यायला.
हे मी टीचरना सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं,
कारण त्यांनी मातीचा गोळा दिला घरी न्यायला,
ओल्या फडक्यात गुंडाळून.

शुक्रवारी शाळेतून गोष्टीचं पुस्तक येतं.
मी दोन पानं वाचतो आणि झोपतो,
रात्रपाळीचा माणूस, इलाज नाही.
बायको म्हणते, ती आली तेव्हा बकुळ
माझ्या पोटावर पुस्तक ठेवून पुढचं वाचत होती.
पुस्तकात बदक होतं. तिच्या वाचण्यात
बदकाला टेम्पो होता, आणि बदकाचे बाबा
गोष्ट संपायच्या आत उठणार नव्हते.

काल रात्री वजनाची पावती काढायला
खिशात हात घातला गेटवर,
तर जुन्याच एका पावतीच्या पाठीवर
निळ्या खडूनं काहीतरी. दोन गोल,
एक मोठा, एक पार चपटा, मध्ये दांडी,
कागद फाटेस्तोवर दाबलेली.

गाळ्यावरचा दिवाणजी चष्मा वर करून म्हणाला,
"हा कितीचा आकडा लिहिलाय, भोईटे?"

आकडा नाही, म्हटलं. ळ आहे.
शेवटचा आधी उतरलाय.
बाकीचे दोन अजून रस्त्यात आहेत.