गुरुवारची अकरा मिनिटं

तार्तूत मार्च संपला तरी नदीवर बर्फ होता
आणि आमच्या टेबलावर तेच भिजत घोंगडं:
बत्तीस बिटवाल्यांना सोडायचं कधी?

तीन वर्षं चाललंय हे.
उर्मास म्हणतो, आकडे बघा.
लीविका म्हणते, आकड्यांमागची माणसं बघा.
मी कॉफी करायला उठतो,
कारण मला दोघांचंही पटतं
आणि तसं म्हणायची सोय नाही.

कपाटात एक जुनं यंत्र ठेवलंय, फक्त त्यांच्यासाठी.
दिवसभर आम्ही लिहिलेलं
ते रात्री चालवून बघतं,
चार तास धापा टाकतं
आणि पहाटे एक लाल ओळ लिहून गप्प होतं.
त्या एका ओळीपायी लीविकाचे किती रविवार गेले
तिनं मोजले नाहीत.
मी मोजलेत. एकोणीस.

आकडेच म्हणाल तर जगात उरले होते तीन.
त्यातले दोन, नीट पाहिल्यावर कळलं,
आम्हीच:
कपाटातलं हे, आणि उर्मासच्या तळघरात
चालू राहून गेलेलं त्याचं भावंड.
आपल्याच दारावर टकटक करून
आतून "आलो, आलो" म्हणत होतो आम्ही.

तिसरं मात्र खरं. हिउमा बेटावरचं.
दर गुरुवारी उठायचं,
अकरा मिनिटं जागं राहायचं,
परत मिटायचं.

गुरुवारी काय असतं बेटावर?
लीविका म्हणाली, शाळा असेल.
उर्मास म्हणाला, दवाखाना,
आणि दवाखाना म्हटल्यावर
तो स्वतःच आकड्यांचं बोलेनासा झाला.

बेट लहान. चौथ्या फोनला पत्ता लागला.
लोकरीची गिरणी. मालकीण हेल्वे, सत्तरीची.
गुरुवारी ती मागाला पुढच्या आठवड्याचा नमुना देते.
मागे धडधड चालू, त्यावरून तिचा आवाज:
"कोण? प्रोग्रामवाले?
अजून आहात का तुम्ही?
मला वाटलं, केव्हाच बंद केलंत."

नवं काही नको होतं तिला.
आहे ते बिघडवू नका, म्हणाली,
आणि घोंगडी हवीत का, टपालखर्च वेगळा.

त्या संध्याकाळी ठरलं.
कुणी ठरवलं, ते कुणी बोललं नाही.
चार हजार दोनशे बारा ओळी पुसल्या मी.
त्यांत लीविकाची एक जुनी टीप होती:
इथे हात लावू नका,
का ते मलाही माहीत नाही.
ती पुसायला जरा वेळ लागला.

कपाट गार पडलं.
हिवाळाभर आम्ही त्या यंत्रावर हातमोजे वाळवायचो,
हे दुसऱ्या दिवशी ओले हातमोजे घालताना आठवलं.

गुरुवारी, सहज बघावं तसं, बघितलं.
उठलं ते.
जुनीच आवृत्ती, जुनीच वाट,
आम्ही थांबल्याची त्याला खबर नाही.

मी हातमोजे खिडकीखालच्या हीटरवर पसरले
आणि घड्याळाकडे बघत बसलो.